शब्दचर्चा : ऊर्जादाता

धागाकर्ता (कोल्हापूर)

आमचं डिजिटलचं दुकान आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, फ्लेक्सच्या फलकाला इकडं 'डिजिटल' म्हणतात. वाढदिवसापासून दहाव्यापर्यंत सगळं आमच्याकडंच छापून जातं, त्यामुळं गावागावांतलं मराठी रोज डोळ्यांखालून जातं.

परवा करवीर तालुक्यातल्या एका गावातून मजकूर आला. एकरी सगळ्यात जास्त ऊस काढलेल्या पाच शेतकऱ्यांचा सत्कार, आणि वर मोठ्या अक्षरांत 'आमचे ऊर्जादाते'. मशीनवरच्या पोरानं विचारलं, "मालक, चुकून अन्नदाते लिहायचं ऱ्हायलंय काय?" मजकूर देणाऱ्या काकांना फोन केला, तर म्हणाले, "चुकून कसलं? गडकरीसाहेब हेच म्हणतात. वाचत जा जरा."

गडकरी म्हणतात हे खरंच. शेतकऱ्यानं अन्नदाता एवढंच राहू नये, ऊर्जादाताही व्हावं, हे त्यांचं वाक्य इतक्या सभांतून आलंय की आता ते कुणालाही पाठ असेल. माझे प्रश्न दोन. शब्द म्हणून हा नीट बनलाय का? आणि ऊस लावणाऱ्या माणसाला तो लागू पडतो का? फलक शुक्रवारी द्यायचाय.

कार्तिक

घडणीत काही खोट नाही. दातृ शब्दाची प्रथमा दाता, मराठीत अनेकवचन दाते. रक्तदाते म्हणतो तसे ऊर्जादाते. पण गंमत पुढं आहे. ऊर्ज् या जुन्या शब्दाचा अर्थ वीज किंवा इंधन असा नाहीच. अन्नातला रस, आणि तो अंगी लागून येणारं बळ, असा आहे. यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात इष आणि ऊर्ज जोडीनं येतात, ते याच अर्थानं. यंत्र चालवणारी ती ऊर्जा, हा अर्थ आपण अलीकडं भौतिकशास्त्राची पुस्तकं मराठीत आणताना त्याच्यावर चढवला.

म्हणजे मुळात बघायला गेलं तर अन्नदाता आणि ऊर्जादाता एकच. मंत्र्यांनी बढती दिली असं वाटतं, पण शब्दानं शेतकऱ्याला होता तिथंच ठेवलंय.

आणखी एक. इष म्हणजे आश्विन, ऊर्ज म्हणजे कार्तिक, अशी महिन्यांचीही जुनी नावं आहेत. तुमच्याकडं कारखान्यांचं गाळप, म्हणजे ऊस गाळणं, साधारण कार्तिकातच सुरू होतं ना?

धागाकर्ता

व्हय, दिवाळीच्या आगंमागं. हे महिन्याचं माहीत नव्हतं. काकांना सांगितलं तर फलकाचा आकार वाढवतील.

फडातला

संस्कृतातलं मला कळत नाही, पण 'दाता'वर माझा आक्षेप आहे. आम्ही ऊस कारखान्याला *देत* नाही, *घालतो*. "यंदा कुठं घातला?" असंच विचारतात. दूधही डेअरीला घालतो. देणं वेगळं. दारात आलेल्याला भाकरी देतात, देवाला नारळ देतात. जे घातलं त्याचं बिल यायचं असतं. घातल्यावर काट्यावर वजन होणार, उतारा, म्हणजे उसातून साखर किती पडते ते, निघणार, पहिली उचल, म्हणजे बिलाचा पहिला हप्ता, किती यावर आंदोलन होणार, आणि मग कधीतरी खात्यावर पैसे पडणार. कायद्यात 14 दिवस लिहिलेत, उशीर झाला तर 15 टक्के व्याजही लिहिलंय. ते व्याज सहजासहजी पदरात पडल्याचं मी तरी बघितलेलं नाही. दात्याला कुणी 14 दिवस थांबवतं होय?

मला विचाराल तर शब्द पाहिजे 'पुरवठादार'. रुक्ष आहे, पण त्याच्यामागं करार आणि थकबाकी दोन्ही दिसतात.

बिंदू चौक

पुरवठादारांचा सत्कार कोण करंल भावा.

मतदार

फडातला यांच्या म्हणण्याला भाषेचा आधार आहे. हिंदीत मतदाता, मराठीत मतदार. आपण मत 'दान' केलं असं मराठी म्हणत नाही. क्रियेला मतदान म्हणतो, पण माणसाला मतदारच. -दार आला की हक्क येतो : हिस्सेदार, वतनदार, भागीदार, दावेदार. -दाता आला की पुण्य येतं आणि हिशोब जातो. 'करदाता' मराठीत रुळलाय, आणि कर भरणाऱ्यांचा चेहरा बघितला तर तिथंही दान स्वखुशीचं नाही हे कळतं.

'अन्नदाता'सुद्धा हिंदी भाषणांतून आपल्याकडं जोरात आला. मराठीचा जुना शब्द पोशिंदा. त्याच्यात पोसण्याचे कष्ट आहेत, दानाचा थाट नाही.

सुट्टा टर्बाइन

मी साखर कारखान्याच्या को-जनला, म्हणजे वीज करतात त्या विभागात, 20 वर्षं काढली. ऊर्जादाता शब्द मला पटतो, कारण ती ऊर्जा मी डोळ्यांनी बघितलीय. उसाचं चिपाड, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बगॅस, बॉयलरमध्ये जातं. त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज होते, आणि उरलेली वाफ रस आटवायला वापरतात. कारखाना स्वतःची गरज भागवून वरची वीज विकतो.

याला मराठीत 'सहवीजनिर्मिती' म्हणतात. यातला 'सह' सहकारातला आहे असं सगळे समजतात. आमच्या एका संचालकांनी भाषणात तसं सांगितलंही होतं, टाळ्या पडल्या. तो 'सह' वाफ आणि वीज एकाच जळणातून बरोबर निघतात म्हणून आहे. खाजगी कारखान्यातही सहवीजच होते.

गुळव्याची नात

हे नवीन नाही. आमच्या गुऱ्हाळात चुलवाणाला दुसरं जळण कधी लागलंच नाही. घाण्यातून निघालेली चिपाडं वाळवायची आणि त्याच उसाचा रस त्याच्यावर आटवायचा. आजोबांना कुणी ऊर्जादाता म्हटलं नाही. ते जळणाला जळणच म्हणायचे. 'इंधन' म्हटलं की पंप आठवतो, 'जळण' म्हटलं की उन्हात पसरलेली चिपाडं. शब्द बदलला की वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यासारखी वाटते, हे माझंच वाटणं असेल.

जुनी कात्रणं

शब्द कुठून आला त्याबद्दल. गडकरींचा धरून चालतोय, पण एकट्या त्यांचा नाही. जुलै 2019 च्या अर्थसंकल्पी भाषणात निर्मला सीतारामन यांनीही अन्नदाता ऊर्जादाता होऊ शकतो असं म्हटलं होतं. इकडं उसाच्या पट्ट्यात मात्र शब्द ऐकला की इथेनॉलच आठवतं, म्हणजे उसापासून करून पेट्रोलमध्ये मिसळतात ते इंधन, आणि ते गडकरींमुळंच.

त्यांची मांडणी चार विशेषणांत बसते : आयातीला पर्याय, किफायतशीर, प्रदूषणमुक्त, स्वदेशी. क्रम बघा. पहिला मुद्दा तेलासाठी बाहेर जाणारा पैसा. धूर तिसऱ्या नंबरावर. 'हवामान बदल' हा शब्द माझ्या कानाला तरी त्यांच्या भाषणात 'प्रदूषण'च्या मानानं कमी येतो. हा माणूस मार्च 2022 मध्ये हायड्रोजनच्या गाडीत बसून संसदेत गेला, ऑगस्ट 2023 मध्ये इथेनॉलवर चालणारी इनोव्हा लोकांसमोर आणली. तळमळ खरी आहे. पण प्रदूषण आणि उत्सर्जन हे दोन वेगळे शब्द आहेत. प्रदूषण नाकाला कळतं. कार्बन डायऑक्साइडला वास नाही, त्याचा हिशोब ठेवावा लागतो. इथेनॉल जाळलं की तोही वायू बाहेर पडतोच. ऊस वाढताना त्यानं तो हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून बरोबरी होते असं मांडतात. मग खताचा, ट्रॅक्टरच्या डिझेलचा आणि रात्रभर चालणाऱ्या मोटारीच्या विजेचा हिशोब वजा करायचा. 'प्रदूषणमुक्त' म्हटलं की एवढं सगळं एका शब्दात झाकलं जातं.

पुढाऱ्यांना या विषयावर काही सांगायचं झालं की देवघरातलेच शब्द का लागतात कळत नाही. ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2021 मध्ये मोदींनी पाच उद्दिष्टं जाहीर केली, 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे त्यातलंच एक, आणि नाव दिलं पंचामृत.

गुळव्याची नात

पंचामृतात पाचवी साखर असते, ती आमची. आणि आमच्या ताटातल्या पंचामृतात मिरची, चिंच आणि गूळ असतो. ते पंचामृत जास्त खरं वाटतं.

बिंदू चौक

ऊर्जादात्याची ऊर्जा टाकीत पडल्यापासून माझ्या गाडीचं ॲव्हरेज उतरलंय, त्याला काय म्हणायचं? ऊर्जाघेता?

सुट्टा टर्बाइन

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी. टाकीत त्याचं प्रमाण 20 टक्के, म्हणजे एकूण फरक सहा-सात टक्क्यांच्या आसपास. त्याहून जास्त उतरलं असेल तर कार्बोरेटर साफ करून घ्या.

फडातला

जुनी कात्रणंनी एक कात्रण काढलं नाही, ते मी काढतो. 7 डिसेंबर 2023. गाळप जोरात चालू होतं आणि केंद्राचा आदेश आला : या हंगामात उसाच्या रसापासून, पाकापासून इथेनॉल करायचं नाही. आठवड्याभरात थोडी ढील दिली, 17 लाख टन साखरेइतकी. बंदी पुरती उठली ती पुढच्या हंगामासाठी, ऑगस्ट 2024 मध्ये. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या होत्या.

आणि असं का झालं? त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला. 1901 पासून नोंदी आहेत, देशभरात इतका कोरडा ऑगस्ट त्यात दुसरा नाही. ऊस कमी येणार, साखर महागणार, अशी भीती पडली. म्हणजे पाऊस नीट पडला तर आम्ही ऊर्जादाते, आणि दडी मारली की पुन्हा अन्नदाते. बरं, पाऊस लई पडला तर? 2019 ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली, धोका पातळी 43 ची. नदीकाठच्या उसाच्या शेंड्यात पाणी शिरलं. त्या उसाला आमच्याकडं शब्द आहे 'पूरबुडीत'. पूरबुडीत ऊस घालणाऱ्याला काय दाता म्हणायचं, तेवढं कुणीतरी सांगा.

मतदार

शब्दाच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे. दाता कधी द्यायचं, काय द्यायचं हे स्वतः ठरवतो. इथं ते आदेशानं ठरतंय.

पॅनेलखालची जमीन

सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेचंही बघा. कृषी फीडरसाठी, म्हणजे शेतीपंपांना वीज देणाऱ्या लाईनसाठी, सोलर प्रकल्पाला जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, दरवर्षी तीन टक्के वाढ. त्यालाही ऊर्जादाता म्हणतात. पण पॅनेल कंपनीचं, वीज कंपनीची, शेतकऱ्याची फक्त जमीन. त्याला मराठीत सरळ शब्द आहे, जागामालक. तक्रार करत नाही, रात्री बारा वाजता मोटार चालू करायला जाण्यापेक्षा हे परवडतं. पण शब्द चुकीचाच.

आणि गावात 'ऊर्जा' म्हणतंय कोण? लाईट आली, लाईट गेली, लाईट बिल. 'लाईटदाता' म्हटलं असतं तर निदान कळलं असतं.

कार्तिक

माझं मत थोडं बदललं. घडण शुद्ध आहे, अर्थही जुना आणि सुंदर आहे. पण शब्द शुद्ध आहे म्हणून व्यवहाराला लागू पडेल असं नाही. 'घालणे'बद्दल फडातला म्हणाले ते कोशात कुठं सापडेल असं वाटत नाही, नोंदवून ठेवते.

धागाकर्ता

फलक आज गेला. ही सगळी चर्चा मी काकांना वाचून दाखवली. काट्याचं ऐकून हसले, पूरबुडीतवर गप्प झाले. मग म्हणाले, "ऊर्जादाते ठेव. पोरांनी सुचवलंय, बरं दिसतंय." फक्त पाचही नावांखाली एकेक ओळ घालायला लावली : कारखान्याचा सभासद क्रमांक. मी म्हटलं, सत्काराच्या डिजिटलवर हे कशाला? तर म्हणाले, "दिवाळीची साखर दात्याला मिळत न्हाई, सभासदाला मिळती."