सहा जणी, एक शिडाची बोट आणि क्रोएशियाची बेटं : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा मैत्रिणी, सगळ्या पुण्याच्या, वय ४७ ते ५२. दर पावसाळ्यात एक ट्रेक हा वीस वर्षांचा नेम. गेल्या वर्षी राजगडाच्या संजीवनी माचीवरून परतताना दोघींच्या मिळून चार गुडघ्यांनी एकदमच राजीनामा दिला. तेव्हापासून "आता डोंगर पुरे, पाणी बघू" असं चाललं होतं. बघता बघता बेत ठरला: येत्या सप्टेंबरात, गौरी-गणपती आटोपले की क्रोएशियातल्या स्प्लिटहून शिडाची बोट आठवडाभर भाड्याने घ्यायची आणि बेटं करत फिरायचं. पितृपंधरवडा असल्यामुळे कुणाकडे कार्य नाही, सुट्ट्यांची भांडणं नाहीत. (एकीच्या सासूबाईंना हे कारण अजिबात पटलेलं नाही, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.)

आमचा समुद्राचा अनुभव म्हणजे मांडव्याची फेरीबोट. सहापैकी दोघींना पोहता येत नाही. त्यामुळे बोट चालवायला कप्तान घेणार आहोत. एकीचे यजमान "मी येतो की, खडकवासल्याला वल्ही मारलीयेत" म्हणत होते, त्यांना प्रेमाने घरी ठेवलं आहे.

आता अडचणी. आमच्यातली एक पेशाने सीए. तिने एक्सेल बनवलंय: ब्राच, ह्वार, विस, बिशेवो, कोर्चुला, म्ल्येत, दुब्रोव्निक आणि परत स्प्लिट. रोज एक टिकमार्क. मला हे यात्रा कंपनीच्या "अकरा मारुती एका दिवसात" छापाचं वाटतंय, पण नुसतं वाटून ग्रुपवर कुणी ऐकत नाही, आकडे लागतात. हे खरंच होतं का सात दिवसांत?

बोट कोणती घ्यावी तेही कळत नाही. एक नेहमीची, एका पोटाची (म्हणजे पाण्यात बसणारा सांगाडा एकच), आणि एक ती दोन पोटांची कॅटामरान. दुसरी बरीच महाग आहे.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. आमच्यातली एक ताम्हिणी घाटात मांडीवर पिशवी घेऊन बसते. ती "नाही" म्हणत नाहीये, कारण तिला सगळ्यांचा विरस करायचा नाही. पण बेताचा विषय निघाला की ती चहा टाकायला उठते. तिला काय सांगू? सरळ "तू येऊ नकोस" म्हणायला जीभ रेटत नाही.

शिवाय अनोळखी कप्तान सात दिवस त्याच बोटीवर राहणार, म्हणजे नेमकं कसं? आणि चौघी पूर्ण शाकाहारी आहेत, त्यातल्या एकीची संकष्टी कडक. मार्चपासून व्हिसाची तयारी सुरू करायची आहे, म्हणून आत्ताच विचारतेय.

प्रतिसाद

ताई, एक्सेलवाल्या मैत्रिणीला आधी हे दाखवा. बोट शनिवारी संध्याकाळी ताब्यात मिळते आणि पुढच्या शनिवारी सकाळी रिकामी करून द्यायची असते. बहुतेक कंपन्या शुक्रवारी संध्याकाळीच परत बोलावतात, डिझेल भरून, बोट तपासून घ्यायला. पहिली रात्रही सामान लावण्यात आणि किराण्यात स्प्लिटलाच जाते. म्हणजे सात रात्रींपैकी बेटांवर पाचच.

आता अंतर. शिडाची बोट ताशी ५-६ सागरी मैल जाते, आणि एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. थोडक्यात तुमच्या सायकलपेक्षा हळू. स्प्लिट ते दुब्रोव्निक बेटांना वळसे घालत शंभरेक मैल धरा. जाऊन-येऊन दोनशे, म्हणजे निव्वळ ३५-४० तास. पोहणं, जेवण, गावात भटकणं यातून काय उरलं ते तीच सांगेल. दुब्रोव्निक हवंच असेल तर बोट तिथे सोडायची एकेरी फेरी मिळते, पण त्याचे जादा पैसे पडतात.

मी दोनदा गेलोय. पहिल्या खेपेला तुमच्यासारखाच कार्यक्रम होता आणि आठवतात त्या फक्त दोऱ्या. दुसऱ्या खेपेला स्प्लिट, ब्राचवर मिल्ना, ह्वारसमोरची पाक्लेनी बेटं, विस, मग ह्वारच्या उत्तरेचं स्तारी ग्राद आणि परत, एवढंच केलं. विसला दोन रात्री राहा. युगोस्लाव्हियाच्या काळात तिथे लष्करी तळ होता आणि १९८९ पर्यंत परदेशी माणसाला बेटावर पाऊल ठेवायला बंदी होती. त्यामुळे मोठी हॉटेलं उभी राहायला वेळच मिळाला नाही. स्तारी ग्राद तर ग्रीकांनी इसवी सनपूर्व ३८४ मध्ये वसवलेलं. त्यामागच्या शेतांचे दगडी बांध आखलेत ते तेव्हापासूनचे, आणि आजही तिथे द्राक्षं आणि ऑलिव्हच. ते भाड्याच्या सायकलवरून बघा, गुडघ्यांना चालेल.

बिशेवोची निळी गुहा प्रसिद्ध आहे, पण आत तुमची बोट जात नाही, छोट्या होड्यांतून नेतात. उजेडाची खरी जादू सकाळी अकरा-बाराच्या सुमारास, आणि समुद्र खवळलेला असेल तर गुहा बंद. तिच्यावर अख्खा दिवस टांगू नका.

प्रतिसाद

एवढ्या पैशांत तारकर्लीला सहा वेळा जाऊन याल. मासेही चांगले मिळतात.

प्रतिसाद

@ वरचे : चौघी शाकाहारी आहेत, लिहिलंय की.

प्रतिसाद

मी मूळचा मुरूडचा, सध्या कोथरूड. आमच्याकडे कप्तानाला तांडेल म्हणतात आणि तांडेलाचा शब्द शेवटचा. तिथेही तसंच समजा. त्याने "आज बाहेर पडायचं नाही" म्हटलं की एक्सेल मिटायचं.

तिथले वारे आधी ओळखून ठेवा. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून माएस्त्राल येतो, तो आपला. शिडं भरतो, संध्याकाळी पडतो. ईशान्येचा डोंगरावरून कोसळणारा तो बुरा, नावाप्रमाणेच. आग्नेयेकडून येणारा यूगो ढग, पाऊस आणि मोठ्या लाटा आणतो, आणि सप्टेंबर सरत आला की त्याची शक्यता वाढते. म्हणून कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवा. भरती-ओहोटीची चिंता मात्र नको. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, स्प्लिटला जेमतेम फूटभर.

बोटीचं म्हणाल तर एकपोटी बोट वाऱ्यावर कलते. ओट्याला टेकून चहा करावा लागतो. मला ती कलण्यातच मजा वाटते, पण पहिलटकरणी घाबरतात. कॅटामरान कलत नाही, मोकळी जागा भरपूर, फक्त बंदरात जागेचं भाडं जास्त. तिचं हलणं वेगळं असतं, झटक्याझटक्याने, आणि काहींना तेच जास्त लागतं. त्यामुळे "उलटीवाल्या मैत्रिणीसाठी कॅटामरान" हा हिशेब डोळे मिटून करू नका.

कप्तानाला वेगळी खोली लागते, म्हणजे तुम्हाला चार खोल्यांची बोट. त्याचं जेवण तुमच्याकडे. स्त्री कप्तान हवी असं आधीच लेखी कळवा. असतात, पण थोड्या, म्हणून लवकर सांगायचं.

प्रतिसाद

मी डॉक्टर आहे, आणि स्वतः बोट लागणारी आहे. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, निघण्याआधी घ्यावी लागते. प्रोमेथाझिन किंवा सिनॅरिझिन, पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच. काचबिंदू असेल तर ते आधी सांगायचं. दोन्हींनी झोप येते, म्हणून एखाद्या रविवारी घरीच घेऊन बघायची. बोटीवर वर उघड्यावर बसायचं, नजर क्षितिजावर, खाली जाऊन भांडी विसळायची नाहीत (हा फायदा कुणी सांगत नाही). रिकाम्या पोटीही राहायचं नाही.

पण खरा सल्ला वेगळा आहे. मैत्रिणीला तुम्ही काही सांगूच नका. तिला एकदा समुद्रावर नेऊन आणा, ती स्वतःच सांगेल. गेटवेहून शिडाच्या बोटी दोन-तीन तासांसाठी मिळतात आणि पावसाळा लागेपर्यंत चालतात. दुपारचं घ्या, तेव्हा वारा चढलेला असतो. सकाळच्या संथ पाण्यावर सगळेच शूर.

प्रतिसाद

खाण्याबद्दल: पोहे, रवा, साबुदाणा, भगर, मेतकूट, लसणाची चटणी, छोटा कुकर. गॅसच्या दोन-तीन शेगड्या असतात. तूप, खवा, पेढे, श्रीखंडाच्या वड्या नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. आमचं घरचं साजूक तूप विमानतळावरच्या कचरापेटीत गेलं, आई अजून विचारते. तिथलं लोणी उत्तम मिळतं, बोटीवरच कढवा.

व्हिसा शेंगेनच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे आणि चलनही युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. चाकाच्या कडक बॅगा नेऊ नका, बोटीवर ठेवायला जागा नसते. ट्रेकच्या सॅक काढा. आणि संडासात कागद टाकायचा नाही हे सहाही जणींना पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर आठवडाभर तोच विषय होईल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे खूप आभार. तारकर्लीवाल्यांचेही, डिसेंबरात तिकडेही जाऊ.

डॉक्टर ताईंचं ऐकलं. गेल्या शनिवारी डेक्कन क्वीनने गेलो आणि दुपारी गेटवेहून अडीच तासांची बोट केली. मैत्रिणीला फक्त "मुंबईला जेवायला जाऊ" एवढंच सांगितलं होतं. हे चुकलंच माझं. धक्क्यावर आल्यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं ते विसरणार नाही. तरी चढली. बसली ती थेट सुकाण्याशेजारी. वारा चांगला होता, बोट कलली, दोघी किंचाळल्या, आणि ही बाई बोट चालवणाऱ्या मुलाला विचारतेय, "ही दोरी सोडली तर काय होतं?" शेवटची वीस मिनिटं सुकाणू तिच्याच हातात. गोळी घेतली नव्हती. परतताना म्हणाली, घाटात मी मागच्या सीटवर असते गं, कुठे चाललोय तेच दिसत नाही.

तिला बोट लागली नाही. सीएला लागली. फोनवर अंतरं मोजत होती.

त्यामुळे कोर्चुला, म्ल्येत, दुब्रोव्निक यादीतून गेले, फारसं न भांडता. विसला दोन रात्री, एक दिवस मोकळा. बोट एकपोटी, चार खोल्यांची, ४५ फुटी. पोहता न येणाऱ्या दोघींनी टिळक टँकवर नाव घातलंय.

आता राहिलेला प्रश्न. बोटीच्या अनामत रकमेऐवजी न परतणारी छोटी रक्कम भरून जबाबदारी कमी करून घ्यायचा पर्याय कंपनीने दिला आहे. कप्तान त्यांचाच असेल तर तो घ्यावा का? आणि बोट आम्ही ठोकली की कप्तानाने, हे ठरवतं कोण? सुकाणू धरायचा हट्ट करणारी एक जण आता आमच्याकडे आहे, म्हणून विचारतेय.