एल निन्योवर एवढा भरवसा नको
एल निन्यो आला, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापलं, की हिवाळी गव्हाचा (शरदात पेरून उन्हाळ्यात काढायच्या) उतारा वाढतो, हे विधान अमेरिकेच्या दक्षिण मैदानांपुरतं बऱ्यापैकी पटतं. ला निन्याचे, म्हणजे हेच पाणी नेहमीपेक्षा थंड असतानाचे, हिवाळे तिथे बहुधा कोरडे जातात. कॅन्सस, ओक्लाहोमा या तिथल्या राज्यांत जमिनीत ओलच उरत नाही. पण फ्रान्सचं काय? २०१५-१६ चा एल निन्यो जबरदस्त होता, तरी २०१६ मध्ये तिथला उतारा पाव हिश्श्याहून जास्त घसरला. आधी शरदाची अखेर अवाजवी उबदार, मग वसंतात पाऊसच पाऊस. बुरशी पसरली, ऊन कमी पडलं, दाणा भरलाच नाही. (नुसतं 'पाऊसमान चांगलं की पीक चांगलं' म्हणणाऱ्यांनी हे जरूर बघावं.) शिवाय बर्फाचा मुद्दाही आहेच. कडाक्याच्या थंडीत बर्फाचा थर असला तर रोप तगतं, उघड्या रानात मरतं.