आजीच्या वहीतील ‘का.’, ‘क्वि.’ आणि ‘मू. मा.’ : माळव्याच्या खेड्यात सेवा करणाऱ्या मिशनरी जोडप्याचा दिवस कसा जात असे?

प्रश्न : नात, इंदूर

नमस्कार. माझे आजी-आजोबा मूळचे अहमदनगर जिल्ह्यातले. १९३० नंतरच्या दशकात ते मिशनच्या कामासाठी माळव्यात आले आणि तेव्हाच्या धार संस्थानातील एका शेतकरी खेड्यात त्यांनी ११ वर्षे काढली. गावाचे नाव मी येथे देत नाही, कारण आजीच्या वहीत ज्यांच्या आजारांच्या नोंदी आहेत त्यांची नातवंडे आजही त्याच गावात राहतात. आम्ही इंदूरला स्थायिक झालो त्यालाही आता बरीच वर्षे झाली. गेल्या महिन्यात माळा आवरताना एका पत्र्याच्या पेटीत दोघांच्या दोन वह्या सापडल्या. दोन्ही १९३६ ते १९३८ या काळातल्या आहेत.

आजोबांची वही म्हणजे मिशनला पाठवलेल्या मासिक अहवालांची नक्कल आहे. तिच्यात कोणत्या गावी फेरी झाली, किती जण ऐकायला बसले, किती पुस्तिका विकल्या गेल्या, एवढेच आहे. आणि जुलै ते सप्टेंबर या महिन्यांपुढे तिन्ही वर्षी ‘फेरी नाही’ असे दोनच शब्द आहेत. ते वाचून आमचे एक वडीलधारे नातेवाईक म्हणाले की आजोबांचे मन कामात नव्हतेच. ते वाक्य मला लागले आहे. आजोबांना मी लहानपणी पाहिले आहे आणि ते तसे नव्हते.

आजीची वही घरखर्चाची वाटते, पण तिच्यातील निम्म्या नोंदी मला लागत नाहीत. उदाहरणादाखल एक दिवस जसाच्या तसा देते : “१४ मे. का. ६. क्वि. २. रॉकेल पाव शेर. मू. मा. ३ पाट्या. हे तालुक्याहून उशिरा.” ‘का.’ म्हणजे काड्यापेटी असे मी समजत होते, पण एका दिवसात ६ काड्यापेट्या कोणाच्याही चुलीला लागणार नाहीत, शिवाय त्या आकड्यापुढे बहुतेक वेळा माणसांची नावे आहेत. ‘का.’च्या नोंदी एप्रिल ते जूनमध्ये सर्वाधिक आहेत, ‘क्वि.’च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात. ‘मू. मा.’ हे मूग मापल्याचे असावे असा माझा तर्क आहे. एके ठिकाणी “जुने धोतर, ७ घरे” असेही आहे. ते वस्त्रदान असावे.

नाताळपर्यंत घरातील मुलांसाठी आजी-आजोबांवर एक छोटी पुस्तिका करायची आहे. अशा जोडप्याचा रोजचा दिवस प्रत्यक्षात कसा जात असे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : निवृत्त परिचारिका, इंदूर

ताई, ‘का.’ म्हणजे काडीच, पण चुलीसाठीची नव्हे. ती नारूची काडी आहे.

मी १९८० नंतरची काही वर्षे पश्चिम मध्य प्रदेशातील ग्रामीण आरोग्य केंद्रात काम केले आहे आणि नारू माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. पायावर आधी फोड येतो, आग होते, आणि फोड फुटला की त्याच्या तोंडाशी पांढऱ्या दोऱ्यासारखे एक टोक दिसते. हा दोरा म्हणजे हातभर, कधी त्याहूनही लांब असलेली मादी-जंत. त्याला औषध असे नव्हतेच. जखम ओल्या बोळ्याने मऊ करायची, ते टोक एका काडीभोवती हलक्या हाताने गुंडाळायचे, रोज बोट-दोन बोटे बाहेर येईल तेवढेच ओढायचे, आणि उरलेला जंत आत असतानाच काडी पट्टीखाली बांधून माणसाला घरी पाठवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घाई केली आणि जंत आत तुटला, तर पाय सुजतो, पू होतो आणि माणूस महिनाभर अंथरुणाला खिळतो. म्हणजे ‘का. ६’ याचा अर्थ त्या सकाळी तुमच्या आजींनी सहा जणांच्या पायांपाशी बसून हे काम केले. एकेकाला पंधरा-वीस मिनिटे धरा. पुढचे किमान दोन-तीन आठवडे तीच नावे तुम्हाला ओळीने दिसतील, पाहून सांगा.

उन्हाळ्यातच या नोंदी का, तेही सांगते. माळव्याच्या बावडीत पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहून घडा भरला जाई. नारू असलेल्या माणसाचा पाय पाण्यात बुडाला की जंत त्यात अळ्या सोडतो, पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीकसा जीव त्या गिळतो, आणि ते पाणी जो पितो त्याच्या पायातून साधारण वर्षभराने नवा जंत बाहेर पडतो. पाणी आटून तळाला गेले की हा धोका वाढतो, आणि वर्षाचे चक्र असल्यामुळे जंत पुन्हा पुढच्या उन्हाळ्यातच दिसतो, म्हणजे नेमका शेतकरी पेरणीच्या तयारीत असताना. कापडाने गाळलेले पाणी प्यायले, तर सायक्लॉप्स कापडावरच राहतो. आपल्या देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले, ते लस किंवा गोळीमुळे नव्हे, तर गाळणी, हातपंप आणि बावड्यांवरच्या देखरेखीमुळे.

‘क्वि.’ अर्थातच क्विनाईन. हिवतापाचा जोर पावसाळा सरता सरता वाढतो. ते औषध इतके कडू की लोक तोंडात धरून बाहेर जाऊन थुंकत. म्हणून समोर बसवून गिळायला लावावे लागे. तुमच्या वहीतील आकडा बहुधा समोर गिळलेल्या मात्रांचाच असेल.

उत्तर २ : शेतीशास्त्राचा माजी अध्यापक, इंदूर

ताई, ‘मू. मा.’ वाचून मी खुर्चीतून उठलो. ती मूत्रमाती आहे.

इंदूरमध्ये १९२४ साली इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड यांनी वनस्पती-उद्योग संस्था उभारली. आजचे कृषी महाविद्यालय त्याच जागी आहे. गॅब्रिएलबाई स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. तेथे तयार झालेली कंपोस्टची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, आणि ती १९३१ साली ज्या पुस्तकातून प्रसिद्ध झाली त्याचे सहलेखक यशवंत वाड होते, हे आपल्या मराठी मंडळींना फारसे ठाऊक नसते. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनीही ही संस्था पाहिली होती.

रीत अशी. शेतातील काडीकचरा, तुरीच्या आणि कपाशीच्या पळकाट्या, गळालेला पाला गोळा करून आधी गुरांच्या पायाखाली अंथरायचा. मग खड्ड्यात तो थराथराने घालताना शेणकाला, राख आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती मिसळायची. तीन वेळा उलथापालथ केली की सुमारे ३ महिन्यांत खत तयार. शेणाच्या गोवऱ्या थापून त्या चुलीत घालणाऱ्या शेतकऱ्याला ही रीत फार सोयीची होती, कारण थोड्या शेणात पुष्कळ खत होई आणि जी माती एरवी वाया जाई तीच मोलाची ठरे. तुमच्या आजींनी ३ पाट्या मूत्रमाती मोजून लिहिली आहे, म्हणजे त्यांच्या परसात असा खड्डा होता. आजोबांच्या वहीत इंदूरच्या एखाद्या फेरीचा उल्लेख आहे का, ते जरूर पाहा.

आता ‘फेरी नाही’बद्दल. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि चिकटते. पक्की सडक नसलेल्या काळात बैलगाडीची चाके आखापर्यंत रुतत, दोन कोसांवरचे गाव दोन-दोन आठवडे तुटून राही, आणि पायी जाणाऱ्याच्या वहाणांना शेर-शेर चिखल लागे. आज जिकडे-तिकडे दिसणारे सोयाबीन तेव्हा नव्हते, ते १९७० नंतर आले. तेव्हा खरिपात ज्वारी, कापूस, तूर, आणि बरीच जमीन रब्बीच्या गव्हासाठी पावसाळ्यात वखरून मोकळी ठेवलेली. जुलै-ऑगस्टमध्ये घरातील प्रत्येक हात कोळपणीला आणि निंदणीला लागलेला असे. रस्ता असता तरी ऐकायला बसले असते कोण? तुमच्या नातेवाइकांना हे नम्रपणे सांगा. हा आळस नव्हे, हे शेतकऱ्याच्या पंचांगाप्रमाणे चालणे आहे.

उत्तर ३ : ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) इतिहासाचा अभ्यासक, महू

वरील दोन्ही उत्तरांनंतर दिवसाचे चित्र बरेचसे उभे राहिले आहे, म्हणून मी फक्त राहिलेल्या बाजूबद्दल लिहितो.

फेऱ्यांचा हंगाम थंडीचा असे. खरिपाचे धान्य घरात आले, गहू-हरभरा पेरून झाला, की नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत गाडीत तंबू, औषधांची पेटी आणि पुस्तिकांचे गठ्ठे घालून गावोगाव मुक्काम करायचा, ही उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातील बहुतेक मिशनांची पद्धत होती. माळव्यात कॅनडातील प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीचे काम १८७७ साली इंदूर-महूपासून सुरू झाले. १८८४ मध्ये डॉ. एलिझाबेथ बीटी इंदूरला आल्या आणि स्त्रियांसाठी वैद्यकीय कामाचा पाया पडला. पुढे अलीराजपूरकडील आमखूट येथे भिल्लांमध्ये राहिलेले बुकॅनन दांपत्य तर दोघेही डॉक्टर होते. मात्र अशी जोडपी थोडी. बहुतेक ठिकाणी नेमणूक पतीची होई, नोंदवहीत नाव पतीचे असे, आणि पत्नीचे काम त्याच नेमणुकीत धरले जाई. भारतीय सेवकांमध्ये ‘बायबलबाई’ म्हणून, म्हणजे घरोघरी स्त्रियांना बायबल सांगण्यासाठी, नेमलेल्या स्त्रियांना वेगळे, पण अगदी थोडे मानधन मिळे. आजींच्या वहीत जमेच्या बाजूला त्यांच्या नावाची काही रक्कम आहे का, हे तपासावे. नसेल तर ते सारे नारू त्यांनी विनावेतन काढले, आणि हे पुस्तिकेत स्पष्ट लिहिले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

आजोबांच्या अहवालांत हे काम का नाही, याचे कारण त्यांच्या वहीतूनच दिसते : फेरी, श्रोते आणि पुस्तिका एवढेच रकाने त्यांना भरायचे होते. माझे वडीलही असेच एका खेड्यात सेवक होते. पावसाळ्याच्या रात्री ते कंदिलाभोवती गुराख्याच्या पोरांना बाराखडी शिकवत, कोणाचा सावकाराचा कागद वाचून दाखवत, कोणाचा अर्ज लिहून देत; त्यांच्या अहवालातही यातले एक अक्षर नाही.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला महत्त्वाची वाटेल. धार, देवास, इंदूर ही मराठ्यांची संस्थाने. माळवी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या लेखी घरात मराठी बोलणारे जोडपे म्हणजे आधी ‘दक्षिणी’, म्हणजेच दरबारचे माणूस, वसुलीला आलेले. हा संशय फिटायला वर्ष-दोन वर्षे जात. माझी आई सांगे की ज्या दिवशी शेजारणीने अर्ध्या रात्री येऊन ‘चालो बई, छोरी के दरद उठ्यो’ (चला बाई, मुलीला कळा सुरू झाल्या) म्हणून हाक मारली, त्या दिवशी आपण त्या गावचे झालो असे तिला वाटले. तुमच्या आजी माळवी बोलत होत्या का?

प्रश्नकर्तीचे उत्तर : नात, इंदूर

आपणा तिघांचे आभार कसे मानावे ते कळत नाही. काल रात्री दोन्ही वह्या शेजारी ठेवून पुन्हा वाचल्या.

परिचारिकाताई, आपण म्हणालात तसेच आहे. मे १९३७ मध्ये एकच नाव सलग १९ दिवस आहे आणि विसाव्या दिवशी आजीने त्यापुढे ‘निघाला’ असे लिहून खाली रेघ ओढली आहे. सर, फेब्रुवारी १९३६ च्या अहवालाच्या समासात आजोबांनी ‘इंदुरी शेतीसंस्था पाहिली, खड्ड्याचे माप घेतले’ असे शिसपेन्सिलीने लिहिले आहे. मूत्रमातीच्या नोंदी त्यानंतरच्या पानांपासूनच सुरू होतात. तेव्हा खड्डा आजोबांनी खणला असणार. ही दोन पाने मी त्या नातेवाइकांना उद्या नेऊन दाखवणार आहे. जमेच्या बाजूला मात्र आजीच्या नावाने तिन्ही वर्षांत काहीही नाही, आणि ते मी पुस्तिकेत लिहीन. आजी माळवी उत्तम बोलत असे. आम्हा नातवंडांना रागवताना ती त्याच भाषेत रागवे, त्याचे कारण आज कळले.

राहिली ‘जुने धोतर, ७ घरे’ ही नोंद. ती ३ जून १९३७ ची आहे आणि तिच्यापुढे बारीक अक्षरात ‘दुहेरी घडी, घड्याच्या तोंडाला’ असे आहे, जे मी आधी नीट वाचलेच नव्हते. ते वस्त्रदान नव्हते, ती गाळणी होती. नारू वर्षाने दिसतो असे आपण लिहिलेत म्हणून मी त्या सात घरांची नावे १९३८ च्या उन्हाळ्याच्या पानांवर शोधली. पाच घरांतील एकाचेही नाव ‘का.’पुढे नाही. सहाव्या घरातील एक म्हातारी आहे. सातव्या घरातील तरुणाच्या नावापुढे आजीने लिहिले आहे : ‘घरी गाळतो, शेतावर बावडीतच पितो. त्याला वेगळा तुकडा दिला.’