कॅन्टोनीज शिकताना आधी काय: अक्षरे की सूर?

प्रश्न

गेले दोन महिने मी कोणाच्या मार्गदर्शनाविना कॅन्टोनीज, म्हणजे हाँगकाँगमध्ये बोलली जाणारी चिनी भाषा, शिकत आहे. बहुतेक ॲप मँडरिन या प्रमाण चिनी भाषेपाशीच थांबतात, आणि ड्युओलिंगोवरील कॅन्टोनीज अभ्यासक्रम चिनी वाचता येणाऱ्यांसाठी आहे. हाँगकाँगच्या मालिका पाहू लागलो, तर कानावर एक शब्द पडतो आणि खालच्या सबटायटलमध्ये दुसराच असतो. शिवाय शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, म्हणजे सूर, कोणी सहा सांगतात, कोणी नऊ. सुरुवात चिनी अक्षरांपासून करावी की रोमन लेखनापासून?

पहिला प्रतिसाद

सबटायटलचा गोंधळ आपल्या कानांचा नाही. ती बहुधा प्रमाण लेखी चिनीत असतात, आणि त्या लेखी भाषेचा पाया मँडरिन आहे. बोलताना नकारासाठी 'म्' म्हणतात, पण लिहिलेल्या अक्षराचा कॅन्टोनीज उच्चार 'पत' असा होतो. म्हणून पहिले काही महिने सबटायटल हा आधार मानू नये आणि अक्षरेही बाजूला ठेवावीत, असे माझे मत आहे.

रोमन लेखनासाठी ज्युतपिंग ही पद्धत निवडावी. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने ती १९९३ मध्ये मांडली आणि तिच्यात प्रत्येक अक्षरापुढे सुराचा १ ते ६ पैकी अंक लिहितात. नऊ सूर मोजणारे प, त, क यांवर तुटणाऱ्या अक्षरांचे तीन सूर वेगळे धरतात. मात्र त्यांची पट्टी पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या सुराचीच असते, त्यामुळे शिकणाऱ्याने सहाच लक्षात ठेवावेत. 'सी' हे एकच अक्षर या सहा सुरांत अनुक्रमे कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार आणि काम असे अर्थ देते. पहिला आणि चौथा सूर लवकर ओळखू येतो. खरी दमछाक तिसरा व सहावा, आणि दुसरा व पाचवा या जोड्या करतात, म्हणून सराव जोड्यांनीच करावा.

उच्चारांत मात्र मराठी माणसाला बरेच काही आयते मिळते, आणि इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांना ते सांगायचे सुचत नाही. ज्युतपिंगमधील बी, डी, जी हे जवळपास आपले प, त, क आहेत, तर पी, टी, के हे त्यांचे महाप्राण फ, थ, ख; फक्त 'फ' ओठ पूर्ण मिटून म्हणावा. झेड म्हणजे 'चांगला'मधला च. एक 'ए' आणि दोन 'ए' यांतील फरक आपल्या अ आणि आ यांच्यासारखा आहे: 'सम' म्हणजे हृदय, 'साम' म्हणजे तीन, आणि दोन्हींचा सूर पहिलाच. आपली चूक होते ती शब्दाच्या शेवटी. तिथला प, त किंवा क तोंडात अडवून तसाच सोडून द्यायचा असतो, आणि आपण तो सवयीने स्पष्ट फोडतो.

दुसरा प्रतिसाद

साधनांबद्दल थोडेसे. अमेरिकेच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटचा १९७० सालचा प्राथमिक अभ्यासक्रम ध्वनिमुद्रणांसह विनामूल्य मिळतो. त्याची भाषा आता जुनी वाटते, पण एकेक शब्द बदलत तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेण्याची त्याची पद्धत मला अजूनही उपयोगी वाटते. त्यात ज्युतपिंगऐवजी येल या दुसऱ्या रोमन पद्धतीचे लेखन आहे आणि खालच्या सुरांसाठी स्वरानंतर एच लिहितात, हे ध्यानात असू द्यावे. शब्दार्थांसाठी प्लेको आणि वर्ड्स डॉट एचके हे कोश पुरेसे आहेत. दुसऱ्यात बोलीतील उदाहरणवाक्येही असतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. कोशात 'तू' यासाठी 'नेय' दिले आहे, पण मला सतत 'लेय' ऐकू येते. हेही माझेच ऐकणे चुकते आहे का?

पहिला प्रतिसाद देणारे

नाही, आपण बरोबर ऐकत आहात. आरंभीचा न अनेक जण ल म्हणतात, आणि आरंभीचा ङ पुष्कळदा गाळला जातो. जाणकार त्याला आळशी उच्चार म्हणून नावे ठेवतात. बोलताना आपण 'नेय' म्हणावे, ऐकताना मात्र दोन्ही एकच समजावेत.