लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन म्हणजेच नॅनो औषध का? आईला चालू करतायत

कृष्णाकाठ_८८:
नमस्कार मंडळी. आईला ओव्हरीचा कॅन्सर, वय ६३. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन आणि कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल केमोच्या ६ सायकल झाल्या, आता सीए १२५ (रक्तातली कॅन्सरची खूण) परत चढलाय आणि सीटीमध्येपण दिसतंय. डॉक्टर म्हणाले लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन देऊ, दर ४ आठवड्यांनी एक, एवढं बोलून होईस्तोवर पुढचा पेशंट आत आलासुद्धा. घरी येतोय तर मामाचा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ, नॅनोपार्टिकल म्हणे मिसाईलसारखं थेट गाठीवर जाऊन फुटतं, बाकी शरीराला पत्ताच लागत नाही. मामा हटून बसलाय की हे नको, नॅनोवालं मागा. हे देतायत ते वेगळं आहे का? आणि साईड इफेक्ट खरंच नसतात? मागच्या वेळी केस गेले तेव्हा आईने कपाटाच्या आरशावर साडी टाकून ठेवलेली, म्हणून विचारतोय.

लॅबमधला_उंदीर:
मामांना सांगा वेगळं मागायला नको, हेच नॅनो आहे 🙂 आणि नवीनपण नाही, अमेरिकेत १९९५ लाच डॉक्सिल नावाने मंजूर झालं, १९९९ ला ओव्हरीसाठी.

फार्मसीत पीएचडी करतोय, लिपोसोमवरच काम आहे म्हणून जरा लांबण लावतो. लिपोसोम म्हणजे चरबीचा बारीक फुगा समजा, १०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीत असे शेकड्याने बसतील. आत डॉक्सोरुबिसिन इतकं ठासून भरतात की त्याचा स्फटिक होतो, मायक्रोस्कोपखाली कॉफीच्या बीसारखा दिसतो. बाहेरून पीईजी नावाच्या पॉलिमरचं आवरण, त्यामुळे लिव्हर आणि प्लीहेतल्या पेशी त्याला लगेच गिळत नाहीत आणि फुगे दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहतात. आता गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, बांधकाम कच्चं, फटी राहिलेल्या, तिथून फुगे झिरपतात. हृदयातल्या वाहिन्या घट्ट, तिथून एवढा मोठा फुगा सहज बाहेर पडत नाही. साध्या डॉक्सोचा मोठा धोका हृदयालाच असतो, तो इथे बराच कमी होतो. खरी कमाई ही आहे.

मिसाईल शब्दाचा मात्र मला मनापासून राग येतो. फुग्याला गाठीचा पत्ता वगैरे माहीत नसतो, तो रक्तात वाहतो आणि जिथे गळती तिथे उतरतो. २०१६ ला एक मोठा आढावा आला होता, आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे, बहुतेक उंदरांवरचे, प्रयोग एकत्र करून. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचले किती, तर मध्यक ०.७ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही! बाकीचा बराचसा माल लिव्हर-प्लीहेत.

पुणेरी_शंका:
मग टार्गेटेड टार्गेटेड म्हणून ओरडतात ते काय?

लॅबमधला_उंदीर:
कणाच्या अंगावर गाठीला चिकटणारा रेणू लावायचा, ती कल्पना वेगळी. तसा एक कण बराच गाजला होता, बाइंड-०१४, ट्रायलमध्ये अपेक्षेएवढा चालला नाही आणि २०१६ ला कंपनीच दिवाळखोरीत गेली. चिकटायला आधी तिथपर्यंत पोचावं लागतं ना राव.

डेकेअरची_सिस्टर:
दादा, कामाचं सांगते. साधं डॉक्सो म्हणजे गाळलेलं कोकम सरबत, आरपार दिसतं. लिपोसोमलचा लाल रंग जरा गढूळ असतो, बघून घाबरू नका, खराब नसतं ते. हे ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या पाण्यात लावतात, सलाईनमध्ये नाही. आईंना शुगर असेल तर आधीच सांगून ठेवा. पहिल्या वेळी ड्रिप मुद्दाम हळू सोडतात, चेहरा लाल झाला, पाठीत कळ आली, छाती आवळल्यासारखी वाटली तर थांबेल म्हणून गप्प बसायचं नाही, लगेच हाक मारायची, बहुतेकदा ड्रिप थांबवून हळू चालू केली की पुढे नीट जाते. नंतर लघवी नारिंगी-लाल होईल, ते रक्त नाही, औषधाचा रंग. आणि दोन्ही औषधांचा डोस वेगळा असतो, म्हणून चिठ्ठीवर लिपोसोमल शब्द आहे ना आणि मेडिकलवाल्याने तेच दिलंय ना, बघाच.

वाईचा_काका:
आमच्या हिला ५ झाले. केस थोडे विरळ झाले, गेले नाहीत. उलटी जवळपास नाहीच. पण हात-पाय! दुसऱ्या डोसनंतर तळवे लाल, मग सोलायला लागले. हे फुगे बराच वेळ रक्तात राहतात त्यामुळे जिथे घासतं, दाबतं, गरम लागतं तिथल्या कातडीत औषध उतरतं असं आम्हाला सांगितलं. हिची सवय कशी, सांडशी समोर असताना पातेलं हातानेच उतरवायची. पहिले आठ दिवस भाकरी थापणं बंद केलं, मी थापल्या, नकाशे झाले पण खाल्ल्या. कोमट पाण्याने आंघोळ, सैल चपला, आणि पाटल्या काढून ठेवा, मनगटावर नेमकी तिथेच गोल जखम झाली होती. फार सोलत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आमचा चौथा डोस एक आठवडा पुढे ढकलून थोडा कमी करून दिला. तोंडात छाले येतात त्याचंपण आधीच विचारून ठेवा.

पुणेरी_शंका:
परदेशी ब्रँडच घ्यावा का पण?

लॅबमधला_उंदीर:
२०१२ ला अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनी आपल्या सन फार्माचं लिपोडॉक्स मागवलं होतं, आणि २०१३ ला सनचं जेनेरिक तिथे रीतसर मंजूर झालं. यावरून काय ते समजा. फक्त मध्येच ब्रँड बदलायचा झाला तर डॉक्टरांना विचारून.

कृष्णाकाठ_८८:
सगळ्यांचे खूप आभार. आईला वाचून दाखवलं, केसांचं ऐकून खुलली, भाकरीचं ऐकून म्हणाली मग तुम्ही उपाशीच राहणार. पाटल्या बोटांच्या पेरांवरून निघत नाहीयेत, साबण लावून बघितला. काका, तुम्ही कापून घेतल्या का सोनाराकडून?

वाईचा_काका:
आधी हात दहा मिनिटं वर धरायला सांगा, मग खोबरेल तेल आणि वर प्लॅस्टिकची पिशवी. निघतात.