व्हाइटस्पेसचा इंटरप्रिटर: उडी भलत्याच लेबलवर जाते, मदत हवी आहे

गेले तीन आठवडे रोज रात्री बसून व्हाइटस्पेस या प्रोग्रामिंग भाषेचा इंटरप्रिटर (प्रोग्राम वाचून एकेक सूचना चालवणारा प्रोग्राम) पायथनमध्ये लिहितोय, आणि आता एका जागी पक्का अडकलोय.

ज्यांना ही भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी: एडविन ब्रेडी आणि ख्रिस मॉरिस यांनी ती १ एप्रिल २००३ रोजी जाहीर केली, तारखेवरूनच हेतू कळेल. (इड्रिस भाषा पुढे ज्यांनी केली तेच हे ब्रेडी.) स्पेस, टॅब आणि नवी ओळ या तिघांनाच अर्थ, बाकी काहीही टाइप करा, ती टिप्पणी. पण आत खरा स्टॅक आहे (आकड्यांची चळत, शेवटी ठेवलेला आधी निघतो), हीप आहे (पत्त्यानुसार आकडे ठेवायची जागा), सबरूटीन आहेत (हाक मारून परत येता येतं असे प्रोग्रामचे तुकडे). इंटरप्रिटर कसा चालतो हे शिकायला मला ही भाषा फार आवडली, म्हणून अर्धवट सोडायची नाहीये.

दिसावं म्हणून स्पेसला स, टॅबला ट आणि नव्या ओळीला ओ लिहितो. स्टॅकवर १ ठेवायचा तर:

सस सटओ

पहिले दोन स म्हणजे 'ढकल', पुढचा स म्हणजे अधिक चिन्ह, मग बायनरीतला १, आणि ओ आला की संख्या संपली.

छपाई, बेरीज, हीप सगळं चालतंय. १ ते १० आकडे छापणारा प्रोग्राम मात्र फक्त १ छापतो आणि गुपचूप थांबतो. एरर काहीच नाही. त्यातली लेबलं (प्रोग्राममधल्या जागांना दिलेली नावं) आणि उड्या (त्या जागी जाण्याच्या सूचना) अशा:

ओसस सटओ (लूपची सुरुवात)
ओटस ससटओ (शून्य असेल तर शेवटाकडे)
ओसओ सटओ (पुन्हा सुरुवातीला)
ओसस ससटओ (शेवट)

आधी एडिटरवर संशय घेतला, कारण ओळीच्या शेवटच्या स्पेस तो सेव्ह करताना उडवायचा आणि टॅबच्या जागी चार स्पेस घालायचा. ते बंद केलं. आता स-ट-ओ मध्येच लिहितो आणि छोट्या स्क्रिप्टने खरी फाइल बनवतो.

मग लेबल शोधणं बदललं. पहिल्यांदा अख्ख्या मजकुरात 'ओसस' शोधत होतो. ते साफ चूक होतं: एक संख्या ओ वर संपते आणि लगेच पुढचा 'ढकल' सस ने सुरू होतो, की तिथेही ओसस तयार! त्यात दोन रात्री गेल्या. आता आधी पूर्ण मजकूर पार्स करून, म्हणजे तोडून, सूचनांची यादी बनवतो आणि त्या यादीतून लेबलांची डिक्शनरी (किल्ली दिली की तिची जागा सांगणारी यादी) भरतो. लेबल वाचायला संख्येचंच फंक्शन वापरतो, दोन्ही ओ वर संपतात म्हणून.

ट्रेस, म्हणजे चाललेल्या प्रत्येक सूचनेची नोंद, छापून पाहिला. आकडा छापला की तो एकने वाढवून त्यातून ११ वजा करतो, शून्य आलं की संपलं. पहिल्या फेरीत २ मधून ११ वजा होऊन उणे ९ येतात, त्यामुळे शून्याची उडी घेतली जात नाही, ते बरोबरच. पण त्यानंतरची बिनशर्त उडी सुरुवातीला न जाता थेट शेवटी जाते. का?

जाता जाता अजून एक: ऋण संख्यांच्या भागाकारात उणे ७ भागिले २ चं उत्तर उणे ४ धरायचं की उणे ३?

प्रतिसाद

उत्तर तुमच्याच वाक्यात आहे, 'संख्येचंच फंक्शन'. तुमची दोन लेबलं त्यातून हाताने काढून बघा. सट: अधिक चिन्ह, मग १. ससट: अधिक चिन्ह, मग ०१. दोन्ही १! डिक्शनरीत शेवटच्या लेबलने पहिल्याची जागा घेतली, म्हणून लूपची उडी शेवटी जाते. लेबल ही संख्या नाहीच, ते नाव आहे. सुरुवातीचे स गाळायचे नाहीत, ओ येईपर्यंतची स-ट ची माळ जशीच्या तशी किल्ली म्हणून ठेवा. आणि तेच लेबल दुसऱ्यांदा आलं तर एरर द्या, अशी चूक मग लपून राहत नाही.

भागाकाराचं म्हणाल तर पायथन उणे ४ देतं आणि बाकी १, सी भाषा देते उणे ३ आणि बाकी उणे १. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, फक्त भागाकार एका पद्धतीचा आणि बाकी दुसऱ्या पद्धतीची असं करू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार! फंक्शन वेगळं केलं, चारच ओळी लागल्या, आणि १ ते १० सरळ छापले गेले. दुहेरी लेबलाची एररही घातली, तर माझ्याच आणखी एका चाचणी फाइलमध्ये तीच चूक निघाली. भागाकार आणि बाकी दोन्ही पायथनप्रमाणे ठेवतोय. आता सबरूटीन घेतो. परतीचे पत्ते आकड्यांच्या स्टॅकवरच ठेवले होते, ते आज रात्री वेगळ्या यादीत हलवतो.