मदत हवी आहे: गांजा, बीपी आणि हार्मोन्स

मंडळी, विषय नाजूक आहे, म्हणून नाव न देता लिहितेय.

धाकटा भाऊ, वय 34, हिंजवडीत आयटीत. चार वर्षं रोज रात्री गांजा ओढतो. घरात फक्त मला माहीत. परवा गच्चीवरून खाली आला, डोळे लाल. आईच्या मशीनवर सहज बघितलं, बसून 148/96, नाडी 112. पाणी आणायला उठला आणि अंधारी आली, फ्रिजचं हँडल धरून उभा! तेव्हा 102/64. ओढल्यावर नाडी वाढते, उभं राहिल्यावर बीपी घसरू शकतं, एवढं वाचलंय.

दुसरं म्हणजे वर्षभर मूल होत नाहीये. शुक्राणू कमी आलेत. नियमित ओढण्याशी त्याचा संबंध अभ्यासांत दिसतो, टेस्टोस्टेरॉनबद्दल (पुरुषी हार्मोन) मात्र एकमत नाही.

आधी फिजिशियन की एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सचे डॉक्टर)? बंद केल्यावर किती दिवसांनी तपासण्या पुन्हा कराव्यात? शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात म्हणे. कोथरूड-कर्वेनगर भागात न ओरडता ऐकून घेणारे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? पहिल्या डॉक्टरांना त्याने 'फक्त सिगरेट' सांगितलं होतं, गाढव!

'भांग म्हणजे शंकराचा प्रसाद'वाले सल्ले कृपया नकोत.